कोणाचा पाहुणा?

अंगणातल्या विहिरीतून बादली ओढताना चंदाच्या हातातला दोर एकाएकी हलका झाला. वळून पाहते, तर मागे एक अनोळखी तरुण दोर खेचत उभा!

"सोडा जी," तो म्हणाला, "हात लाल झाले तुमचे."

"माहे हात पाहाले आले का तुम्ही?"

"नाही... म्हणजे... आता दिसले."

चंदाने ओढणी सावरली. ह्या माणसाच्या जिभेवर गूळ आहे, हे तिने तत्काळ ओळखले. आणि गुळाजवळ मुंग्यांच्या आधी संशयाने पोहोचावे, ही तर आजीची शिकवण.

आज करडी गावची मंडई, म्हणजे जत्राच. दिवाळी सरली की झाडीपट्टीतले एकेक गाव आपली मंडई भरवते आणि घरोघरी पाहुण्यांची रीघ लागते. दारी आलेल्याला 'तू कोणाचा?' असे विचारणे म्हणजे त्याच्या ताटात माती कालवणे. म्हणून चंदाने विचारले नाही. नजर मात्र त्याच्यावरून काढली नाही.

यंदा आजींच्या, म्हणजे सत्यभामाबाईंच्या, दारात मांडव नव्हता, आचारी नव्हता, मिठाईचे डबे नव्हते. कल्पना नातीची. "आजी, पाहुने येते, जेवते, निघून जाते. कोनी कोनाशी धड बोलत नाही. सारे मिळून रांधू न!" चंदाचे हे म्हणणे आजींना पटले आणि हुकूम सुटला: येणाऱ्याने रिकाम्या हातांनी यावे, हाताला काम घ्यावे, मग पंगतीला बसावे. बाबांनी तेव्हाच बजावले होते, "पाहुने आपल्याले हासले, तर पुढच्या वर्षी मांडव अन् आचारी. मंग तुह्यं काही चालनार नाही." शेजारी धनीरामकाकांच्या रंगीत मांडवात तर सकाळपासून भोंगा गर्जत होता.

आणि हा तरुण चूल निरखीत होता, पाटा-वरवंट्याशी हसणाऱ्या मावश्या निरखीत होता. चंदाची खात्रीच पटली, आपली फजिती पाहायला काकांनी धाडलेला हेर तो हाच.

आजींनी त्याच्यापुढे पावशी, म्हणजे विळी, सरकवली. "वांगे चीर." तो मुकाट्याने मांडी घालून बसला.

"नाव?" चंदाने दरडावले. नाव विचारण्याआड रीत येत नव्हती.

"भूपेंद्र. साकोलीचा."

"पहिल्यांदाच चिरून राहिले वाटते?"

"इतकं दिसते?"

"मले नाही. वांग्यायले दिसते."

तो हसला. खिशातून शिंगाडा काढून त्याने सोलला आणि पांढराशुभ्र गर तिच्यापुढे धरला. "आमच्या घरी दिवाळी दुकानातूनच येते. माय डबे वाटता वाटता थकून झोपते... तिले असं हासताना नाही पाहिलं मी."

घ्यावा... की घेऊ नये? तिने गर घेतला. संशय मात्र सोडला नाही.

तेवढ्यात कुंपणावरून आवाज आला. "अवं सत्यभामाबाई! आमच्या पोराचा, चंद्रकुमारचा दोस्त तुमच्या इथं वांगे चिरून राहिला का?" धनीरामकाका!

चंदाच्या तोंडातला गर कडू झाला. "म्हंजे काकानंच धाडलं तुमाले. हासून घ्या आता."

"त्यायच्याकडंच चाललो होतो," भूपेंद्र हळूच म्हणाला. "तुमाले बादली ओढताना पाहून थांबलो. मंग आजीनं पावशी देल्ली... अन् कोनाचा आहो, हे कोनी विचारलंच नाही."

"मंग तुम्ही काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर जा लागलं असतं न..."

संशयाला बोट ठेवायला जागा उरली नाही. वांग्याच्या चिकाने काळी पडलेली त्याची बोटे तेवढी चंदाला दिसत राहिली.

सत्यभामाबाई उठल्या. उभ्या हयातीत मंडईच्या दिवशी जो प्रश्न त्यांच्या ओठी आला नव्हता, तो त्यांनी विचारला. "पोरा, तू कोनाचा पाहुना?"

बाबा पाहत होते, काका वाट पाहत होते, आणि भूपेंद्र चंदाकडे पाहत होता. ती गप्प राहिली, तर त्याला उठावेच लागणार होते.

"माहा," चंदा म्हणाली.

आजींनी नातीकडे पाहिले; मग वांग्याच्या त्या ओबडधोबड फोडींकडे. "मंग बसला काहून? ऊठ, पाट मांड. अन् धनीराम, तू कुंपनाशी उभा कायले? ये, खीर ढवळ."

काकांनी निमूटपणे पळी धरली. सर्वांत आधी बाबा हसले आणि मग सारे अंगण.

चंदाने भूपेंद्रपुढे तळहात धरला. ह्या खेपेस शिंगाडा तिने मागून घेतला.