पाण्याच्या पुढे

सपाट मुलुखात चालणं सोपं, असं म्हणणारा तिथं कधी चाललेला नसतो. चढ नाही, उतार नाही, वळण नाही. कालवा आणि तुम्ही. समोरचं झाड तासभर चाललात तरी तेवढंच लांब. बटणवाला मात्र तीस वर्षं त्याच काठानं गावोगाव बटणं विकत आला होता, आणि वाटेत भेटेल त्याला बोलतं करत आला होता.

त्या दिवशी पाठीवर पेटी नव्हती. सकाळीच निरोप आला होता : लेक अडली आहे, पहिलं बाळंतपण, सुईणीला लक्षण बरं दिसत नाही, लगेच निघा. लेकीचं गाव एकोणीस मैल.

काठावर वारा असा, की टाकलेलं पाऊल मागं यावं. कालवा कोरडा पडलेला. पाणी उद्या सुटायचं, असा त्याचा हिशेब. तो सरळ तळात उतरला. खाली वारा नाही, फरशी गुळगुळीत. झपाझप चाल पडू लागली.

दहाव्या मैलाला काठावरून हाक आली. "अहो बटणकाका, तळात काय बटणं पेरताय?"

कालव्याची दारं उघडणारा पाटकरी सायकलवरून येत होता. जवळ आला आणि त्याचं हसू मावळलं.

"काका, पाणी आज सोडलंय. पुढं जाणारा माणूस तासाभरापूर्वीच हाका देत गेला."

पाणी सोडण्याआधी एक माणूस तळातून टोकापर्यंत चालत जातो, माणसं-शेरडं बाहेर काढतो, हे बटणवाल्याला ठाऊक होतं. त्याच्यानंतर कुणी खाली उतरत नाही, हेही.

"चुकलंच. येतो की वर, त्यात काय!"

"हळू... आधी मागं बघा."

वीस पावलांवर पाणी उभं होतं. कमरेएवढं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कात्रीनं कापलेल्या कापडासारखं सरळ. पाण्याच्या कपाळावर एक वाळकं पान चिकटलेलं. उन्हात पाणी आतपर्यंत उजळलं होतं, आणि मागं नजर जाईल तिथवर तेच, शांत. त्यानं एक पाऊल टाकलं. पाणी एक पाऊल सरकलं. तो थांबला, तेही थांबलं. दावं नसलेला बैल धन्यामागं उभा राहावा, तसं. त्याला भीती वाटायला हवी होती. त्याचे हात मात्र आपसूक जोडले गेले.

"ते शेवटच्या माणसामागं येतं," पाटकरी कुजबुजला. "त्याला टोकापर्यंत न्यावं लागतं. बत्तिसाव्या मैलापर्यंत."

"आणि मध्येच सोडलं तर?"

"आजवर कुणी सोडलं नाही, काका..."

बत्तिसावा मैल म्हणजे उद्याची सकाळ. लेक एकोणिसाव्याला. तो चालू लागला. मागं खळखळ नव्हती. नुसती ओल्या पावलांची लय, त्याच्याच चालीची.

दिवस कलताना एकोणिसाव्या मैलाच्या पायऱ्या आल्या. तो वळला, आणि रुसलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशा गोडीनं म्हणाला, "हे बघ, लेकीला डोळ्यांनी बघतो आणि सकाळी येतो. शब्द आहे माझा. तोवर इथंच थांब."

पाणी हललं नाही. तो पायऱ्या चढला आणि शेतातून अर्धा मैल जवळजवळ पळतच गेला.

घरात दिवा लागला होता. लेक घामाघूम, पण हसत होती. "बाबा, एवढं चालत आलात? वेडे आहात."

"तुझ्या आईला विचार, मी शहाणा कधी होतो!"

सुईणीनं कापडात गुंडाळलेली नात त्याच्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "श्वास आहे. पण अजून रडली नाही... जरा फिरवा."

तो तिला छातीशी धरून फिरू लागला. चार पावलं तिकडं, चार पावलं इकडं. लांब कालव्याकडून तेवढ्याच पावलांचा ओला आवाज येऊ लागला. तिकडं चार, इकडं चार.

"कालव्याला पाणी आलं वाटतं," सुईण म्हणाली.

तो जागीच थांबला. आवाज थांबला. मग खाटेवर बसून त्यानं पाय वर ओढून घेतले. उजाडेपर्यंत हलायचं नाही, असं ठरवलं. वातीची चरचरसुद्धा ऐकू यावी, अशी शांतता पसरली.

मांडीवरच्या नातीनं डोळे उघडले. रडली नाही. दाराकडं बघत तिनं एक पाय उचलला आणि हवेत ठेवला.

अंगणात, अगदी उंबऱ्यापाशी, एक ओलं पाऊल पडलं.