बेगमसाहेबांचं झुंबर

शिडीच्या टोकाला उभी राहून मी पहिला लोलक काढला आणि झुंबर एकदम पेटलं. डोळे दिपले, शिडी डुगडुगली... आणि खालून कुणीतरी ती घट्ट धरली.

"माफ करा. तारा तपासत होतो. वर कुणी असेल असं वाटलं नाही."

"दिवे बंद करा. आणि शिडी सोडू नका."

"दोन्ही एकदम कसं जमायचं?" तो हसून म्हणाला.

त्याचं नाव यावर, हवेलीत आलेला वायरमन. हैदराबादेतल्या त्या हवेलीत निकाहची तयारी चालली होती. आजोबांनी तिथल्या झुंबरावरची मेणबत्त्यांची काजळी काढली, अब्बांनी उभा जन्म धूळ. आता अब्बांचे हात थरथरायचे, म्हणून मी पहिल्यांदाच एकटी आले होते. मुलीच्या हाती काम द्यायला बेगमसाहेबा नाखूशच होत्या.

मी लोलक काढून देई, ते यावर कोमट पाण्यात सोडी. मग खाली उतरून मी एकेक मलमलीनं टिपून घेई.

"इतकं जपून अम्मीनं मलाही कधी न्हाऊ घातलं नाही."

"दिसतंय ते," मी त्याच्या मळक्या कॉलरकडे बघत म्हणाले. तो लाजला... मीही.

तेवढ्यात त्याच्या ओल्या बोटांतून एक लोलक निसटला. फरशीवर चुरा. आवाजानं बेगमसाहेबा आल्या. चूक आपली, असं यावरनं सांगून टाकलं. त्याला हाताशी मीच घेतलं, काम माझं, असं मी सांगितलं.

त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "या घरात काही फुटलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात," त्या हळूच म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत पुरं करा."

संध्याकाळी दिवे लागले. भिंतींवर सप्तरंगी कवडसे थरथरू लागले. बेगमसाहेबा मान वर करून कितीतरी वेळ उभ्या होत्या. यावर मात्र माझ्याकडे बघत होता.

फाटकाशी तो अडखळला. "तुमच्या अब्बांना भेटायचंय... तुम्हाला मागायला. पण आधी तुम्हालाच विचारतो."

मी सांगून टाकलं, "लग्नानंतरही मी झुंबरं पुसणार."

"माझी अम्मी शाळेत झाडूपोछा करते," तो म्हणाला. "तिच्याच कष्टांवर आमचं घर उभं राहिलं. मी कुणाला काम सोडायला सांगणार?"

मी ओढणी सारखी केली. "शुक्रवारी या. दुपारी अब्बा घरी असतात."

तो गुरुवारीच आला.