जिन्याखालचे दोन मीटर

तळमजल्यावरच्या चष्मेवालीने जिन्याखाली वाकून गॅसचा कॉक बंद केला, आणि जरा वेळाने दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत कुणीतरी धावत खाली आलं.

"गॅस कोणी बंद केला?"

कोपरापर्यंत ओले हात, वर दुमडलेल्या बाह्या, खांद्यावर पंचा. वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेला मास्तर. शाळेत खेळ शिकवायचा म्हणे, आणि रजेवर असूनही घरात वेळी-अवेळी शिट्टी वाजवायचा. नोकरी अंगात मुरलीय, असं चष्मेवालीच्या आत्याचं मत होतं.

"मी," ती म्हणाली. "माझा मीटर आहे."

"तुमचा? मग माझी शेगडी कशी विझली?"

बाहेर पाऊस चिकटपणे पडत होता. आठवडाभर त्याला ना जोर होता, ना थांबायचं नाव. जिन्याखाली ओल्या भिंतींचा वास भरून राहिला होता.

तिला फक्त बिल ठाऊक होतं. घरात ती आणि आत्या अशा दोघीच, आणि बिल मात्र खानावळ चालवावी तसं. आत्या म्हणायची, हिच्या आंघोळी आवरत नाहीत. ती म्हणायची, आत्याचा चहा आवरत नाही. शेवटी दोघी तोंड फिरवून जेवू लागल्या. तक्रार केल्यावर कंपनीचा माणूस आला, मीटरवर दोन टिचक्या मारल्या आणि "मीटर ठणठणीत आहे, वापर तुमचाच," असं सांगून गेला. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी तिने घरातली गॅसची सगळी बटणं बंद केली आणि बॅटरी घेऊन खाली आली. पाहते तर मीटरमधले लाल आकडे आपले शांतपणे पुढे सरकताहेत. बंद घरातून गॅस जात होता. तिने झटकन कॉक फिरवला.

"आणि मी स्वयंपाकघरात नसतो तर?" मास्तरचा आवाज चढला. "तुम्ही कॉक पुन्हा सुरू केला असता. वर बर्नर उघडा, ज्योत नाही... घरात आजारी माणूस आहे हो!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. ते पाहून तोही वरमला.

"मला... घाबरवायचं नव्हतं तुम्हाला."

तेवढ्यात वरून शिट्टी वाजली. तिने चमकून वर पाहिलं. मास्तर तर समोर उभा होता.

"आई," तो म्हणाला. "आजारात आवाज गेला तिचा. अर्धं अंगही गेलं. उशाशी माझी शिट्टी ठेवलीय. एक वाजली की हो, दोन वाजल्या की नाही... आणि लांबलचक वाजली की मी काहीतरी चुकतोय."

ही लांबलचक होती.

आईचं अंग पुसून झाल्यावर दोघांनी मिळून छडा लावला. तो वर शेगडी पेटवून बसला. ती विझली की एकदाच शिट्टी वाजवायची, असं ठरलं. तिने आपल्या नावाचा कॉक बंद केला. वर शिट्टी. मग त्याने बर्नर बंद केल्याचं ओरडून सांगितलं, तिने कॉक पुन्हा उघडला आणि त्याच्या नावाचा बंद केला. वर सगळं शांत, आणि तळमजल्यावरून आत्या ओरडली, "अगं, माझा चहा अर्ध्यातच विझला!"

बसवणाऱ्याने नळ्या उलट्या जोडल्या होत्या. मीटर दोन्ही ठणठणीत, फक्त घरं चुकलेली.

"म्हणजे आजवर आईचं पाणी तुम्ही तापवत होतात," मास्तर ओशाळून म्हणाला. "आणि मी तिला सांगायचो, बघ, तुझा मुलगा किती काटकसरी!"

"आणि माझ्या आंघोळीचं तुम्ही..." ती बोलून गेली, आणि तिने जीभ चावली. त्याचे कान लाल झाले. मग दोघंही मीटरकडे बघत बसले.

कंपनीकडे नवा अर्ज गेला. माणूस येईल, वाट बघा, असं उत्तर आलं. तोवर एकमेकांची बिलं जिन्यात बदलून घ्यायची ठरली. बिल महिन्यातून एकदा येतं. ही दोघं मात्र रोज जिन्यात भेटू लागली, ते कशासाठी हे कुणी विचारलं नाही. आत्याने एकदा विचारलं, पण तेही जाणूनबुजून भांड्यांच्या आवाजात.

"काल तुमच्याकडे रात्रीचा स्वयंपाक झाला नाही," तो एकदा म्हणाला. "आत्याबाईंशी भांडलात?"

"तुम्ही माझा मीटर बघता?"

"तो माझ्या नावाचा आहे, म्हटलं..."

"असं होय!"

"आणि तुम्ही? माझा बघत नाही?"

ती बघायची. पहाटे कामावर निघण्याआधी जिन्याखाली जाऊन उभी राहायची. लाल आकडे फिरू लागले की समजायचं, मास्तर उठला, पातेलं चढलं. आता पंचा भिजवेल, आईची पाठ पुसेल, कूस बदलेल. त्या आकड्यांवरून तिला त्याचा सगळा दिवस पाठ झाला होता. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासताना मध्येच वाटायचं, आता तो सूप गरम करत असेल. आणि गिऱ्हाईक खोळंबून म्हणायचं, "ताई, खालची ओळ वाचू का?"

तिला तो आवडत होता. हे तिने स्वतःशी कबूल केलं तेव्हा आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली, कारण त्याने एकदा सहज सांगून टाकलं होतं. ही खोली घेतली ती हॉस्पिटल जवळ म्हणून. आई आहे तोवर इथे. पुढे बहिणीच्या गावी जायचं, तिथल्या शाळेत तिने जागा धरून ठेवली होती.

"पुढे" म्हणजे कधी, ते त्याने सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून पहाटे आकडे फिरताना दिसले की तिच्या जिवात जीव यायचा, आणि लगेच स्वतःची लाज वाटायची. हा जीव त्याच्या आईसाठी, काकूंसाठी आला की आपल्यासाठी? वर एक बाई अंथरुणात झिजत होती आणि आपण तिच्या आजारपणावर आपले दिवस काढतोय, असं तिला वाटायचं. मग ती दुकानात अबोल व्हायची आणि घरी आत्यावर उगीच चिडायची.

काकू कुशीवर झोपायच्या, त्यामुळे चष्म्याची दांडी कानशिलात रुतायची. तिने दुकानात बसून एका बाजूची दांडी काढली, तिथे मऊ पट्टा शिवला आणि चष्मा वर घेऊन गेली. काकूंना त्यातून भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. खिडकीच्या गजांवरचे थेंब दिसले. मग त्यांनी तिच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि एक शिट्टी वाजवली.

"हो काय, आई?" मास्तर गोंधळला. "कुणी काही विचारलंय का तुला?"

काकूंनी पुन्हा एकदाच वाजवली.

त्याने खाली मान घातली. ती पट्ट्याची शिवण तपासू लागली, जी मुळात पक्की होती. त्या वेळी दोघांपैकी एकानेही तोंड उघडलं असतं तर पुढचं बरंच सोपं झालं असतं. पण काकूंना धाप लागली, औषधाची वेळ झाली आणि बोलायचं राहून गेलं.

मग एका पहाटे आकडे फिरले नाहीत.

ती जिन्याखाली उभी राहिली. तिची कामाची बस गेली. तिने काचेवर बोट ठेवलं, आत्या चहाच्या पातेल्याला लावते तसं, जणू काही कळेल. काच थंडगार होती. तिला कुणी सांगायची गरज उरली नाही.

वर दार उघडंच होतं. शेगडीवर पाण्याचं पातेलं ठेवलेलं, खाली ज्योत नाही. मास्तर पलंगाशी जमिनीवर बसला होता.

"पाणी ठेवलं," तो म्हणाला, "आणि विचारलं, आई, आज जरा गरम करू का? ती काहीच..."

ती त्याच्या शेजारी बसली. त्याने तिचा हात धरला, आणि माणसं जमेपर्यंत सोडला नाही.

पुढचे दिवस वर गर्दी होती. बहीण आली, नातेवाईक आले, मीटर भरभर फिरला. मग माणसं पांगली आणि मीटर थांबला तो थांबलाच. तो बाहेरच जेवत असावा, किंवा जेवतच नसावा. बहीण बाई चांगली होती. जाताना तिने आत्याला सांगितलं, "महिनाअखेर खोली सोडून येईल तो. एकटा इथे काय करणार?" आत्याने भाचीकडे पाहिलं. भाची भिंतीकडे बघत होती.

"बोल की त्याच्याशी," आत्या बहीण गेल्यावर म्हणाली.

"काय बोलू? आई जाऊन किती दिवस झाले त्याची? आणि मी कोण?"

"तू कोण ते त्याला ठरवू दे. तू फक्त तोंड उघड."

ती काही वर गेली नाही. जिन्यात भेट झाली की तो "येतो" म्हणायचा, ती "हं" म्हणायची. वरच्या मजल्यावर खोकी बांधल्याचा, चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येऊ लागला. आणि अशात, इतके महिने वाट बघायला लावून, कंपनीचा माणूस पाना घेऊन हजर झाला.

काम झटपट झालं. नळ्या सुटल्या, फिरल्या, पुन्हा आवळल्या. ती बाजूला उभी राहून बघत होती. आता आपला मीटर आपला, त्याचा त्याचा.

"आता तपासून घेऊ," माणूस वर तोंड करून ओरडला. "साहेब, शेगडी पेटवा! मी बंद करतो. विझली की कळवा!"

"शिट्टी वाजवतील ते," ती सवयीने म्हणाली. "एकदाच."

माणसाने कॉक बंद केला. वर सगळं शांत. पुन्हा उघडला, आकड्यांकडे पाहिलं. तेही ढिम्म.

"वर माणूस आहे ना, ताई? शेगडीच पेटलेली दिसत नाही."

"थांबा. मी सांगेपर्यंत हात लावू नका कशाला."

ती वर गेली. बांधलेल्या खोक्यांच्या मधोमध मास्तर शेगडीसमोर उभा होता. एका हातात लायटर, दुसऱ्या हातात आईची शिट्टी. गर्दीतही त्याने कुणाला हलवू न दिलेलं पातेलं अजून तिथंच होतं, त्या पहाटेच्या पाण्यासकट.

"मला पेटवता येत नाहीये," तो म्हणाला. "त्या दिवसापासून..."

तिने त्याच्या हातातून लायटर घेतला. पातेलं मोरीत रिकामं केलं, विसळलं, ताजं पाणी भरून शेगडीवर ठेवलं आणि बर्नर पेटवला. निळी ज्योत पातेल्याखाली पसरली. तो तिच्याकडे बघत राहिला.

"माझी ताई म्हणते, चल," तो हळूच म्हणाला. "मीही हो म्हणून बसलोय. जाऊ?"

तिला कितीतरी सांगायचं होतं. पहाटेच्या त्या उभं राहण्याबद्दल, त्या लाजेबद्दल, थंडगार काचेबद्दल... पण आवाजच फुटेना. तिने त्याच्या मुठीतली शिट्टी काढून घेतली, ओठांशी धरली आणि वाजवली. दोनदा.

खालून ओरडा आला. "अहो ताई, मी अजून बंदच केला नाही!"

मास्तरच्या चेहऱ्यावर हसू आलं. डोळे भरून आले होते, तरी आलं.

"जाऊ नका," आता तिला आवाज सापडला. "आईंसाठी इथे होता, ते मला माहीत आहे. आता माझ्यासाठी राहा. मला तुमच्याशिवाय करमत नाही."

तो खोक्यावर मटकन बसला. पाण्याला बारीक बुडबुडे येऊ लागले.

"राहू?" त्याने विचारलं. "नक्की?"

तिने शिट्टी पुन्हा तोंडाशी नेली. या खेपेला एकच.

"ताई, काय चाललंय काय?" खालचा माणूस आता रडकुंडीला आला होता. "माझा हात कॉकवर नाहीच आहे! वाजवताय कशाला?"

आणि जिन्यातून आत्याचा आवाज आला.

"वाजवू द्या हो त्यांना. तुमचा मीटर काही पळून जात नाही. बसा, मी चहा टाकते."