हुशार गाडी आणि अंधारी कॅराव्हॅन

क्लाइव्ह काकांनी पुन्हा बटण दाबलं. गाडीने पुन्हा नुसतंच ‘टक्’ केलं आणि ती गप्प बसली. सलग दुसऱ्या सकाळी हेच चाललं होतं, आणि मैदानावर कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढत आणलेली चाकांवरची घरं, लावून मुक्कामाला आलेल्या सगळ्यांनी आपापल्या घडीच्या खुर्च्या बरोबर याच बाजूला वळवून ठेवल्या होत्या.

“विल्फ!” काका ओरडले. “बाहेर ये!”

दहा वर्षांचा विल्फ तोंडात टूथब्रश घेऊनच बाहेर आला. त्याच्या मागून त्याची मोठी बहीण हेस्टर आली, कारण काकांचा हा सूर आता तिच्या चांगलाच ओळखीचा झाला होता. मे महिन्याच्या सुट्टीत मावशी आणि काकांबरोबर लीड्सहून नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यावर आल्यापासून जे काही बिघडलं होतं, ते काकांच्या मते विल्फने बिघडवलं होतं.

पहिल्या संध्याकाळी विल्फ गाडीत बसून रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत होता. सकाळी गाडीची बॅटरी खलास. काल तो दुर्बीण शोधायला गाडीत शिरला होता. आज पुन्हा बॅटरी खलास. काकांना एवढा पुरावा पुरेसा होता.

त्यांनी लगेच निकालही देऊन टाकला. रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्या सुरू करून देणाऱ्या माणसाला कालच्यासारखा आजही फोन झालाच होता. तो आला की गाडी सुरू होईल, आणि संध्याकाळच्या ट्रेनने फिलिपा मावशी विल्फला लीड्सला घरी पोहोचवून येईल.

विल्फचा चेहरा पडला. उद्या सकाळी फार्न बेटांची बोट होती. बेटांवर पफिन आले होते. केशरी चोचीचे, जमिनीतल्या बिळात अंडी घालणारे हे पक्षी बघायला विल्फ वर्षभर एकेक दिवस मोजत आला होता. पुढच्या सुट्टीपर्यंत ते पुन्हा समुद्रात गेलेले असणार.

“काका, मी गाडीतला दिवा लावला नव्हता,” तो म्हणाला.

“माझी गाडी काय खोटं बोलते? जगात एवढी हुशार गाडी दुसरी नाही.”

गाडीबद्दल हेस्टरला माहीत नव्हतं. गाडीच्या मालकाबद्दल मात्र तिचं मत पक्कं झालेलं होतं.

याच मालकाने परवा कॅराव्हॅन जागेवर लावताना सगळ्या मैदानाची करमणूक केली होती. मागे घे, पुढे घे, कुंपणाला घासव, पुन्हा पुढे घे. शेवटी कॅराव्हॅन वाकडीतिकडी उभी राहिली, तेव्हा समुद्र नीट दिसावा म्हणून ती मुद्दाम अशी लावली आहे, असं काकांनी जाहीर केलं. त्यानंतर त्यांनी ती गाडीपासून सोडवलीच नाही. सोडवली तर सगळ्यांच्या देखत पुन्हा जोडावी लागली असती. इतर माणसं आल्याबरोबर कॅराव्हॅन सुटी करून गाडीने फिरायला जात. काकांची गाडी मात्र हूक आणि विजेची केबल लावून तशीच उभी, आणि काका तिच्याशेजारी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला व्याख्यानं देत.

दुपारपर्यंत गाडी सुरू झाली. तासभर इंजिन चालू ठेवून काकांनी ती बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि खिशाची चेनही लावली.

हेस्टर आणि विल्फ शेजारच्या समीनाबरोबर समुद्रावर गेले. समीना हुसेन ब्रॅडफर्डची, वयाने हेस्टरएवढीच, आणि जिभेने तिच्यापेक्षा दुप्पट तिखट. उत्तर समुद्राचं पाणी असं गार होतं की पाचच मिनिटांत तिघेही दात वाजवत परत पळत आले आणि वारा चुकवायला काकांच्या कॅराव्हॅनच्या सावलीतल्या बाजूला टेकले.

“सरक की,” विल्फ म्हणाला. “ती जागा मला दे. तिथे गरम आहे.”

“गरम?” समीनाने पाठ वळवून हात लावला. भिंतीत एक जाळी होती आणि तिच्यातून ऊब येत होती. “हां, हा तुमचा फ्रीज. आमचाही चालू असला की मागून असाच गरम होतो. आमचा गॅसवर चालतो.”

“आमचा गॅस बंद आहे,” हेस्टर म्हणाली. “काकांनी सिलिंडर उघडलेलाच नाही. ते म्हणतात, गाडी चालू असताना फ्रीज गाडीच्या विजेवर गार होतो आणि तो गारवा पुरतो.”

“मग आत्ता गाडी चालू आहे का?”

गाडी बंद होती. किल्ली काकांच्या खिशात होती आणि काका खुर्चीत घोरत होते. या मैदानावर विजेची जोडणीही नव्हती; कॅराव्हॅनचे दिवे आणि नळाचा पंप तिच्या स्वतःच्या छोट्या बॅटरीवर चालत.

हेस्टर आत गेली आणि तिने एकेक करत सगळ्या दिव्यांची बटणं दाबली. एकही दिवा लागला नाही. नळाचा पंपही गप्प. हीही रोजची कटकट होती. दोन्ही संध्याकाळी कॅराव्हॅनचे दिवे गेले होते आणि मावशीने टॉर्च धरून सॉसेज तळले होते. काकांनी त्याचाही दोष विल्फलाच दिला होता, म्हणे बटणांशी खेळतो.

पण सकाळी दिवे लागत होते. आज सकाळी विल्फने दात घासले तेव्हा आरशावरचा दिवा लख्ख होता. कालही होता.

ती पायरीवर येऊन बसली आणि दोघांना सावकाश सांगू लागली. सकाळी गाडी मेलेली असते आणि कॅराव्हॅन जिवंत. गाडी सुरू झाली की कॅराव्हॅन मरते. दोन्ही एकदम जिवंत कधीच नसतात.

समीनाने जरा विचार केला. मग तिने आपल्या आजोबांकडून ऐकलेलं सांगितलं. गाडी चालू असताना कॅराव्हॅनचे आतले दिवे आपोआप बंद होतात, तशी सोयच केलेली असते. रस्त्यावर दिवे हवेत कुणाला? केबलमधून वीज येतेय म्हणजे आपण प्रवासात आहोत, असं कॅराव्हॅन समजते.

“म्हणजे आमची कॅराव्हॅन परवापासून प्रवासातच आहे,” हेस्टर म्हणाली. “आणि फ्रीज गाडीची बॅटरी पीत बसलाय. ती रिकामी झाली की मगच आमचे दिवे परत येतात.”

विल्फ ताडकन उठला. आत्ताच काकांना जाऊन सांगू, म्हणाला. हेस्टरने त्याला खाली बसवलं. काकांना काही सांगायला गेलं तर ते ऐकत नाहीत. त्यांना काही विचारलं तर मात्र ते थांबत नाहीत. तेव्हा विचारायचं, आणि चारचौघांत विचारायचं.

चहाच्या वेळी काकांभोवती नेहमीप्रमाणे मंडळी जमली. समीनाचे आजोबा होते, मैदानाच्या व्यवस्थापक मिसेस ऑगल होत्या, समोरच्या तंबूतलं जोडपंही होतं. मावशी आत विल्फची बॅग भरत होती. हेस्टरने बिस्किटांची थाळी फिरवली आणि चेहरा शक्य तितका भाबडा केला. येताना वाटेत फ्रीज गार होत नव्हता, तो काकांनी कसा दुरुस्त केला, हे तिला समजून घ्यायचं होतं.

काका खुलले. नव्या गाडीला तिच्या कंपनीचंच वायरिंग लागतं असं दुकानदार म्हणाला होता, पण आपण असल्या लोकांना बधत नाही, इथपासून त्यांनी सुरुवात केली. त्यांनी साधं वायरिंग आणून स्वतः बसवलं होतं. त्यात एक छोटी डबी असते. इंजिन चालू असेल तेवढाच वेळ ती फ्रीजला वीज सोडते.

“पण माझी गाडी पडली हुशार,” काका म्हणाले. “बॅटरी भरली की ती वीज बनवणंच कमी करते. पेट्रोल वाचतं. त्या मठ्ठ डबीला वाटतं, इंजिन बंद झालं, आणि ती फ्रीजची वीज तोडते. लोणी वितळलं माझं! मग काय, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि डबीच्या अलीकडची वायर पलीकडच्या वायरला थेट जोडून टाकली. डबीचा काटाच काढला.”

तंबूवाला कौतुकाने हसला. समीनाच्या आजोबांनी मात्र कप खाली ठेवला.

“वा,” समीना म्हणाली. “आणि काका, इंजिन बंद झाल्यावर फ्रीजची वीज आता कोण तोडतं?”

“कोण म्हणजे?”

“डबी तोडायची ना? तिचा तर तुम्ही काटा काढलात.”

काकांनी तोंड उघडलं. आजवर त्यांच्या तोंडातून शब्द बाहेर पडला नाही, असं हेस्टरने कधी पाहिलं नव्हतं. ते दृश्य तिने मनसोक्त पाहून घेतलं. मग ती गाडीमागे गेली, केबलचा जाडजूड प्लग फिरवला आणि ओढून काढला.

कॅराव्हॅनच्या सगळ्या खिडक्या एकदम उजळल्या. आत पंप खाकरल्यासारखा घरघरला.

“अगं बाई,” आतून मावशीचा आवाज आला, “दिवे आले!”

आजोबांनी उठून जाळीवर हात ठेवला, मान हलवली आणि मिसेस ऑगलना खूण केली. त्यांनीही हात ठेवून पाहिला. मावशी हातात विल्फचा स्वेटर घेऊन दारात आली. काय झालं ते तिला समीनाने सांगितलं, आणि एकही शब्द मऊ न करता सांगितलं.

“रोज रात्री हा फ्रीज तुमची बॅटरी खातोय,” मिसेस ऑगल काकांना म्हणाल्या. “आणि त्यापायी या पोराला घरी धाडत होतात? या मैदानावर मी कॅराव्हॅनवाल्यांचे हजार तंटे पाहिलेत. पण गाडीला हात न लावता नुसत्या डोक्याने दोष शोधणारी पोरं आजच बघतेय.”

काका घाईघाईने सांगू लागले की तत्त्व बरोबरच होतं, प्रश्न फक्त तपशिलाचा होता. मावशीने तो स्वेटर खुर्चीच्या पाठीवर टाकला.

“क्लाइव्ह, तपशील राहू दे. पोराशी बोल.”

काकांनी घसा साफ केला. विल्फच्या डोक्यावरून समुद्राकडे बघत ते म्हणाले, “ठीक आहे. चूक झाली.”

“कुणाची?” विल्फने विचारलं.

त्याने ते उद्धटपणे विचारलं नव्हतं. दोन दिवस जे त्याच्या नावावर होतं, ते आता कुणाच्या नावावर जातं एवढंच त्याला ऐकायचं होतं. काकांनी समीनाच्या आजोबांकडे पाहिलं, मग मावशीकडे पाहिलं. कुणीच मदतीला आलं नाही.

“माझी,” ते म्हणाले.

विल्फने मान डोलावली आणि आपली बॅग रिकामी करायला आत गेला.

काकांच्या हाताने जोडलेल्या एकाही वायरवर मावशीचा आता विश्वास राहिला नव्हता. योग्य वायरिंग बसवून घ्यायला गाडी सकाळी मालट्रकवर चढवून गॅरेजला न्यायची, असं तिने ठरवलं आणि फोनही केला. मालट्रक नेमका बोटीच्याच वेळी येणार होता. कुणीतरी मागे थांबणं भाग होतं. कुणी, यावर फार चर्चा झाली नाही.

सकाळी हुसेन आजोबांच्या जुन्या गाडीत दाटीवाटीने बसून सगळे बंदराकडे निघाले. विल्फ खिडकीजवळ होता, गळ्यात दुर्बीण. फाटकातून वळताना हेस्टरने मागे पाहिलं. हुशार गाडी मालट्रकवर चढत होती, आणि साखळ्या कुठे बांधायच्या हे क्लाइव्ह काका ड्रायव्हरला समजावून सांगत होते.