थोरलीची माया

डॉ. ऋजुता चाफेकरने मगरीच्या मेंदूत बसवलेली चकती तांदळाच्या दाण्याएवढी होती. त्या चकतीच्याच भरवशावर शिदू आंबी गेली तीन वर्षं साडेअकरा फुटी मगरीला टेकून भाकरी खात होता.

कृष्णाकाठच्या त्या संशोधन केंद्रात मगरीला थोरली म्हणत. शिदू तिचा राखणदार. अर्धा जन्म होडी वल्हवण्यात गेलेला, बायको वारल्यापासून एकटा. माणसांशी त्याचं फारसं जमत नसे, थोरलीशी मात्र तो दिवसभर बडबडत असे. बाकी जगाशी थोरलीचं असं गोडीगुलाबीचं नव्हतं. सोमवारी केंद्राच्या कारकुनाने गमतीत शिदूच्या पाठीत धपाटा घातला आणि थोरलीने त्या कारकुनाचा हात कोपरापासून तोडला.

"म्हणजे तुमची चकती बिघडली," सरीसृपतज्ज्ञ डॉ. ऐवळे म्हणाले.

"उलट, चोख चाललीय," ऋजुता म्हणाली. "थोरली माणसाळलेली नाहीच, सर. ज्या जबड्याने मगरीण म्हैस ओढते, त्याच जबड्यात ती पिल्लं उचलते आणि ओरखडाही उठू देत नाही. वर्षभरात ती माया आटते. माझी मातृचकती ती आटू देत नाही, एवढंच. शिदूमामांचा वास तिच्या लेखी पिल्लाचा वास आहे. पिल्लावर कोणी हात उगारला, तर आई गप्प बसेल का?"

"आणि पिल्लू रडलं तर?"

"तर तोंडात धरून बिळात नेते. पण मामांच्या आवाजाच्या चाचण्या झाल्यात. हाक, खोकला, शिंक, शिव्यासुद्धा. ही ढिम्म हलली नाही."

"रडणं?"

ऋजुता ओशाळली. "रडा म्हटलं, तर मामा हसायलाच लागले. 'उगंच कसं रडायचं, बाई?' म्हणाले. मग आम्ही दुसऱ्या एकाचं रडणं ध्वनिमुद्रित करून ऐकवलं. तिने लक्षही दिलं नाही."

"दुसऱ्याचं," ऐवळे म्हणाले. "म्हणजे तिच्या पिल्लाचं नव्हे."

थोरलीला दूरच्या अभयारण्यात हलवायचं आणि तिथे चकती कायमची बंद करायची, असं दोघांनी ठरवलं. बंद करायचं यंत्र ऋजुताच्या खिशात सदैव असे. ते आहे म्हणूनच तर तिला तीन वर्षं निवांत झोप लागत होती.

शिदूला थोरलीच्या तळ्याच्या कुंपणाबाहेर बोलावून मगच सांगायचं, असंही ठरलं. पण थोरलीला न्यायची सरकारी गाडी आयुष्यात पहिल्यांदा वेळेआधी आली. ऋजुता आणि ऐवळे तळ्याशी पोचले, तेव्हा मोठा पिंजरा फाटकापाशी उतरला होता आणि शिदू थोरलीजवळ उभा राहून त्याकडे बघत होता.

"कुटं न्हेताय तिला?"

"शिदूमामा, आधी बाहेर या."

"परत आननार न्हवं?"

ऋजुताला खोटं बोलता आलं नाही. शिदू खाली बसला, थोरलीच्या मानेवर त्याने डोकं टेकलं आणि रडू लागला. बायको गेली तेव्हाही न रडलेला माणूस तो. हुंदके एकामागून एक येत होते, बारीक आणि तुटक.

थोरलीने डोळे उघडले. सावकाश मान वळवून तिने शिदूला खांद्याजवळ तोंडात धरलं आणि ती पाण्याकडे निघाली. तिच्या बिळाचं तोंड तळ्यात पुरुषभर खोल होतं.

"बंद करा ते," ऐवळे म्हणाले आणि लगेच म्हणाले, "नको, थांबा."

ऋजुताचा अंगठा खिशातून काढलेल्या यंत्राच्या बटणावर होता. चकती बंद केली की माया त्या क्षणी संपणार, आणि थोरलीच्या तोंडात पिल्लू नव्हे, आयतं मांस असणार. चालू ठेवली, तर ती शिदूला जपून पाण्याने भरलेल्या बिळात नेणार आणि तिथेच धरून बसणार. मगरीचं पिल्लू तेवढा वेळ श्वास धरू शकतं, माणूस नाही. भुलीच्या बाणाचा असर व्हायला वीस मिनिटं लागली असती. इतकी सुरक्षित योजना ऋजुताने स्वतःच आखली होती.

"सर, काय करू मी?"



पाणी शिदूच्या छातीपर्यंत चढलं. त्याचं रडणं थांबलं होतं. ऋजुताच्या हातातलं यंत्र त्याने ओळखलं.

"ऱ्हाऊ द्या, बाई," तो म्हणाला. "चालूच ऱ्हाऊ द्या. ती चावायची न्हाई."