आक्कांची खिडकीची जागा

पटत नसेल तर सोडून द्या. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते. पण हे माझ्या शेजारच्या सीटवर घडलंय... आणि त्या सीटवर कुणीच नव्हतं.

गेल्या माघातली गोष्ट. आमचा मांडवगण फराट्याचा बायकांचा बचत गट सहलीला निघाला होता. राजधानी सातारा, अजिंक्यतारा, सज्जनगड. पहाटे निघायचं, रात्री घरी.

मुळात ही हौस माझ्या मोठ्या जाऊबाईंची. साळूबाई त्यांचं नाव. मी आक्का म्हणायचे.

"आपलं राजं कुठं राहत हुतं, ते येकदा बघायचंय गं," म्हणायच्या.

दिवाळीच्या आधी आक्का गेल्या. सहल मात्र ठरलेलीच होती.

आक्कांना गाडी लागायची. म्हणून शिरूरच्या बाजाराला जाताना मी एस्टीत आधी चढायचे आणि खिडकीपाशी रुमाल टाकून त्यांची जागा धरायचे. त्या मुठीत लिंबू धरून हुंगत बसायच्या. पाटी वाचता यायची नाही. मी "उतरा" म्हटलं की उतरायच्या.

त्या पहाटे गाडीत चढले. डोळ्यांवर झोप होती. हात आपोआप चालला.

रुमाल पडला... खिडकीपाशी.

मागून बुशरा आली. आमच्या गल्लीतली, बांगड्यांचं दुकान आहे तिचं.

"हितं कोन हाय का गं?"

"हाय... येतायत."

तोंडातून गेलं ते गेलं. बुशरा माझ्याकडं बघत राहिली. मग मागं जाऊन बसली.

मी रुमाल उचलायला हात घातला. पण म्हटलं, राहू दे. तेवढीच सोबत.

गाडी सुटली. गार वारा यायला लागला.

"मामा, ही खिडकी लागंना," मी ओरडले.

"लागंना?" ड्रायव्हर हरिबामामा म्हणाले. "आवो ताई, ती जाम हाय. सालभर उघडलीच न्हाई!"

खिडकी वीतभर उघडी होती.

आणि लिंबाचा वास येत होता...

खरं सांगू? मी घाबरले नाही. इतकी दमलेली होते मी, की बरंच वाटलं.

अजिंक्यताऱ्यावर माझे गुडघे बोलायला लागले. सगळ्या पुढं गेल्या. मी रडतखडत मागं. चढावर आक्का नेहमी माझा पदर धरायच्या.

पदर जड झाला.

"सावकाश या, आक्का," मी म्हणाले. सवयीनं.

मग मागं बघितलं... कुणी नाही.

पदर तरीही ताणलेलाच.

वर गडाच्या दरवाज्यापाशी पोचले, तेव्हा पदर हळूच सुटला. बराच वेळ मी तिथं उभी राहिले. म्हटलं, बघू दे त्यांना निवांत.

परतीला सगळ्या गळून गेल्या होत्या. गाणी संपली, भेंड्या संपल्या. दिवेलागणीला शिक्रापुरात ट्रकांच्या रांगेत अडकलो. इंच हलेना.

मागून बुशरा आली. तोंड पांढरंफटक.

"अनिता, मला खिडकी दे गं. लई मळमळतंय. दिवसभर मागं आदळलीय मी."

मी रुमालाकडं बघितलं.

"अगं उचल की! कोन बसलंय हितं?"

मी उठून तिला वाट दिली.

मी रुमाल उचलला.

उबदार होता... मांडीखालून काढल्यासारखा.

बुशरा बसली. तिनं खिडकी ओढली. खिडकी जाम.

लिंबाचा वास थांबला.

आणि पुढून हरिबामामा ओरडले, "आरं, दार कुनी उघडलं? कोन उतरलं?"

आमच्या गटाच्या अध्यक्ष सुलक्षणाताईंनी पुढून मागपर्यंत बघितलं.

"सगळ्या हायत, मामा. चला आता, लई दमलोय."

"मंग खटका कसा वाजला?"

कुणीतरी दार ओढून घेतलं. तेवढ्यात रांग हलली.

मी काचेतून मागं बघितलं. कारखान्याची शिफ्ट सुटलेल्या बायका रस्त्याकडेला उभ्या होत्या. त्यांच्यात एक जण... मूठ नाकाशी धरून. धूर होता, कुणीही नाक झाकेल. मध्ये ट्रक आला. मग काही दिसलं नाही.

"मामा, थांबा जरा..." मी म्हणाले.

"ताई, मागं रांग बघा. काय राह्यलं का?"

बसल्या-बसल्या सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. काय राहिलं म्हणून सांगू?

"काय न्हाई," म्हणाले.

पुढं गावापर्यंत माझ्या डोक्यात एकच. त्यांना पाटी वाचता येत नाही. हायवे कधी एकटीनं ओलांडला नाही. मी "उतरा" म्हटलं नव्हतं. नुसता रुमाल उचलला... आणि त्या उठल्या.

मांडवगणला स्टँडवर आबा उभे होते. हौसरावआबा, आक्कांचे मालक. हातात बॅटरी. आक्कांना न्यायला एस्टीवर ते असेच यायचे. त्या गेल्यापासून आबा संध्याकाळचे उंबऱ्याबाहेर पडले नव्हते.

मी उतरले. आबांनी माझ्या मागं दारावर बॅटरी धरली. सगळ्या बायका उतरल्या. गाडी वळून निघून गेली. बॅटरी तिथंच.

"आबा, चला घरी."

ते माझ्याकडं न बघताच म्हणाले,

"तू येकलीच उतरलीस?"



आता पुण्याला काम नसलं, तरी निमित्त काढून मी एस्टीनं जाते. येताना शिक्रापूर आलं की खिडकीपाशी रुमाल टाकते. कुणी विचारलं, तर "येतायत" म्हणते. लोक उभे राहतात, शिव्या घालतात.

लिंबाचा वास अजून आलेला नाही...