चिकाचं पातेलं गेलं कुठं?

"आज चीक! आज चीक!" उठल्या उठल्या बन्सी अंगणात नाचत सुटला.

निजामाच्या राजवटीतल्या औरंगाबादची ही गोष्ट. तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे कुरडया आणि कुरडया म्हणजे चीक! तीन दिवस भिजवलेले गहू वाटून गाळायचे, तो दुधासारखा चीक रात्रभर ठेवायचा आणि सकाळी शिजवायचा. कुरडया घालण्याआधी मुलांना वाटीभर गरम चीक मिळे, वर साखर आणि तूप! त्या वाटीसाठी आजही जीव हळहळतो.

पण स्वयंपाकघरात भलताच गोंधळ चालला होता. चिकाचं पातेलंच गायब!

"रात्री भागूबाईनंच झाकून ठेवलं होतं," बन्सीची काकू कडाडली. "दुसरं कोण नेणार? भागूबाई, उद्यापासून कामाला येऊ नकोस!"

"बाई, लेकराची शपथ, म्या नाय नेलं!" भागूबाईनं डोळ्यांना पदर लावला.

तिचा मुलगा सांडू दारातच उभा होता. चीक खायला घरून वाटी घेऊन आला होता बिचारा! ती रिकामी वाटी तशीच हातात धरून तो आईमागून निघून गेला.

"हे पी! आज दूध तरी उरलंय!" काकूनं रागारागात बन्सीपुढे दुधाचा दुसरा पेला आदळला. बन्सीला तो पिववेना. सांडू त्याचा जिवलग दोस्त होता.

दुपारी बन्सी शेजारच्या ताहेराला घेऊन सांडूकडे गेला. सांडू लिंबाखाली तोंड फिरवून बसला होता.

"रडून काय होतंय? चोर शोधू या!" ताहेरा म्हणाली.

"आधी कमरोद्दीनचाचांकडे गूळ मागू," बन्सी म्हणाला. "उपाशीपोटी डोकं चालत नाही!"

गल्लीच्या कोपऱ्यावर चाचांचं दुकान होतं. घासलेट, मीठ, मिरची, कंदिलाच्या काचा. गुळाखेरीज तोंडात टाकण्याजोगं तिथं काही सापडेल तर शपथ! पण आज काचांशेजारी भलीमोठी थाळी, आणि थाळीत सोनेरी, लुसलुशीत वड्या!

"हलवा? इथं?" तिघंही ओरडली.

"घ्या बेटा, घ्या!" चाचा हसले. "भेट आलेली चीज विकायची नाय, वाटायची!"

बन्सीनं वडी तोंडात टाकली आणि तो थबकला. तूप, साखर, वेलदोडा... आणि त्यांच्या मागून एक ओळखीची चव! "सांडू, हा तर चीक!"

"व्हय रं!" सांडूचे डोळे विस्फारले.

"चीक कसला? हा निशास्त्याचा हलवा," ताहेरा म्हणाली. "आम्ही ईदला करतो. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे..." ती एकदम थांबली. "म्हणजे तुमचा चीकच की! पण चाचा, चाचींचे तर हात दुखतात. गहू वाटले कुणी?"

"तात्यासाबनं दिला ना निशास्ता! रोज पहाटं दुधाचं पातेलं देतात. आज झाकण काढलं तर हे! मी म्हटलं, म्हैस आटली असंल, म्हणून भाभीनं हे भेजलं. लई दिलदार लोक!"

बन्सीनं कपाळावर हात मारला. "म्हणजे चाचांचं दूध घरीच राहिलं! म्हणून मला दोन पेले!"

बन्सीचे काका तात्यासाहेब ओसरीवर पेंगत होते. चुकलं असं ते कधी म्हणतील? नाव नको! ताहेरानं चाचांकडून आणलेलं रिकामं पातेलं त्यांच्यापुढे ठेवलं आणि भोळा चेहरा करून विचारलं, "काका, पहाटे चाचांना हेच दिलं ना?"

"हेच! रोज स्वतःच्या हातानं देतो. कुणाच्या भरवशावर टाकत नाही मी!"

"अगंबाई! हे तर माझं चिकाचं पातेलं!" दारातून काकू ओरडली. तात्यासाहेबांचे कान लाल झाले.

काकू तशीच भर उन्हात भागूबाईच्या दारी गेली; मागोमाग तात्यासाहेब आणि मुलंही. "भागूबाई, चुकलं माझं. उगाच तुझ्यावर आळ घेतला."

भागूबाईनं पदर खोचला. मग म्हणाली, "गहू भिजू घाला, बाई. पन तात्यासाहेबांस्नी आधी दूध आन चीक वळखाय शिकवा!"

सगळे हसले. तात्यासाहेबांनी सर्वांदेखत कान पकडले. "शाब्बास पोरांनो! तुम्ही नसता, तर आमच्या हातून एका गरिबावर अन्याय झाला असता!"

पुढे दर उन्हाळ्यात चिकाचं एक पातेलं मुद्दाम कोपऱ्यावर जायचं आणि हलव्याची थाळी गल्लीभर फिरायची. आता ते दुकान नाही, ती थाळी नाही. तसा हलवा पुन्हा कधी मिळाला नाही.

त्या वर्षी मात्र नवा चीक शिजला, तेव्हा काकूनं पहिली वाटी भरली ती सांडूची. सांडूनं ती दोन्ही हातांनी धरली आणि आधी आईपुढे नेली.